हिरवी जमीन, पिवळी जमीन

बुधवार, १८ जून २०२५

इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं सोलो शहर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात सुरू झाला, तो गाव येईपर्यंत. एका खाचरात लावणी चाललेली, शेजारच्यात पीक पोटरीत, त्याच्या पलीकडे मळणी. आपल्याकडे सगळं शिवार एका वयाचं असतं. इथं कुणी कुणासाठी थांबत नाही, कारण पावसासाठीच थांबावं लागत नाही. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर मुरलेलं पाणी खाली झऱ्यांनी वर येतं. त्यांना उंबुल म्हणतात. क्लातेन जिल्ह्याचा हा देलांगूकडचा पट्टा त्या पाण्यावर वर्षाला तीन पिकं काढतो.

धाकटा भाऊ इचलकरंजीहून सूतगिरणीतला तंत्रज्ञ म्हणून इकडे आला आणि इथलाच झाला. बायको याच गावची. आता त्याच्या मनात गावातच जमीन घेऊन राहायचं आहे. मला बोलावण्याचं कारण त्यानं फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: "ताई, तू जन्मभर सातबारे लिहिलेस. इथले कागद एकदा डोळ्यांखालून घाल."

कागद इंडोनेशियन भाषेत. तो वाचणार, मी ऐकणार. तलाठ्याला तेवढं पुरतं.

शुक्रवार, २० जून

भावजयीच्या माहेरचं घर लिमासान घाटाचं: चार उतारांचं कौलारू छप्पर, आत सागाचे खांब, मातीची भुई जाऊन आता फरशी आलेली. पुढे उघडं अंगण, मागे परसात नारळ, केळी, फणस, कोंबड्या, विहीर. गावातल्या मोजक्या हिंदू घरांपैकी हे एक. बाकी सगळी मुसलमान. पण कुणाकडे काही कार्य असलं की सगळ्या घरांतले पुरुष एकाच चटईवर बसतात आणि जेवणाची पुडी घेऊन घरी जातात.

भावजयीच्या वडिलांना सगळं गाव म्बाह काकुंग म्हणतं, आईला म्बाह पुत्री. मीही तेच म्हणते. भाचा सात वर्षांचा. तो मला "आत्या" म्हणतो आणि पुढचं सगळं जावानीजमध्ये बोलतो.

म्बाह काकुंग सांगत होते, मागच्या वर्षी योग्याकार्ताहून एक माणूस घर विकत घ्यायला आला होता. जमीन नको, फक्त घर! खांब, तुळया, कडीपाट, सगळं खुणा करून उतरवायचं, ट्रकवर घालायचं आणि तिकडे उपाहारगृहाला पुन्हा उभं करायचं. जुन्या लाकडी घरांचा असा बाजारच आहे. आपल्याकडे वाडा पाडून जागा विकतात, इथं जागा ठेवून वाडा विकतात. म्हाताऱ्यानं नाही म्हटलं. भाव कमी आला होता का, असं मी विचारलं. भाव चांगला होता म्हणाले.

रात्री फाटकाजवळच्या भिंतीवर टांगलेली एक वाटी दिसली, त्यात नाणं. तिला जिंपितान म्हणतात. पूर्वी घरटी चिमूट-मूठभर तांदूळ ठेवत, आता पाचशे रुपियाचं नाणं. गस्तीची पाळी असलेले लोक रात्री फिरता फिरता दारोदारचं नाणं गोळा करतात, त्यातून वस्तीचा दिवा, चटया, मयताचं सामान येतं. धाकट्याची गस्त मंगळवारी. त्याच्या नावावर गावात वीतभर जमीन नाही, पण वाटी आहे आणि पाळीही आहे.

मंगळवार, २४ जून

जावानीज पंचांगातला बेसार महिना संपत आलाय. पुढचा सुरो. त्यात कुणी लग्न करत नाही, घराचा पाया घालत नाही, राहतं घर बदलत नाही. त्यामुळे या आठवड्यात लग्नांची झुंबड. आज शेजारी लग्न होतं. बायका दोन दिवस आधीपासून चुलीवर. त्याला रेवांग म्हणतात. बोलावणं येत नाही, जायचंच असतं. मीही फणस चिरायला बसले. हाताला तेल लावायला मी सांगणार, तोवर सगळ्यांनी ते लावलेलं होतं.

मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलावर पाकिटं टाकायची पेटी. पाकिटावर नाव आणि वस्ती लिहायची. रात्री घरात पाकिटं फोडून वहीत उतरवतात: कुणी किती दिले. पुढे त्याच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची आणि त्यापेक्षा कमी द्यायचं नाही. आहेराची ही वही आपल्याकडेही होती, अजून आहे. पण इथं शेतमजूरही या व्यवहारात पुरता बांधलेला. भावजय म्हणाली, बेसारमध्ये भात विकून आलेले पैसे पाकिटांतून जातात. ती हसत म्हणाली, पण खोटं नसावं.

शहरातून येऊन "गावात खर्च कमी" असं जे धरून चालतात, त्यांनी ही वही आधी बघावी.

शुक्रवार, २७ जून

आज सुरोचा पहिला दिवस, जावानीज वर्ष १९५९. वार शुक्रवार आणि बाजाराचा वार क्लिवोन. सातांचा आठवडा आणि पाचांचा आठवडा असे दोन्ही एकत्र चालतात, आणि शुक्रवार-क्लिवोन हा भारी दिवस समजतात. काल रात्री सोलोच्या राजवाड्यातून पांढऱ्या रेड्यांची मिरवणूक निघाली. गावातली पोरं मोटारसायकलवरून बघायला गेली आणि पहाटे परतली.

जमिनीचा विषय महिनाभर बंद. दलालाचाही फोन नाही.

गुरुवार, ३ जुलै

उंदीर. तीन पिकं घेतली की उंदरांनाही बारा महिने ताट वाढलेलं. शेत कधी मोकळं पडतच नाही, म्हणून त्यांची वीण तुटत नाही. सकाळी गावानं एकत्र उंदीरमार काढली; ग्रोप्योकान म्हणतात. बांधाच्या एका बिळात गंधकाची पेटती नळी खुपसायची, पंख्यानं धूर आत लोटायचा आणि बाकीच्या तोंडांवर काठ्या घेऊन उभं राहायचं. पहिला उंदीर निघाला तेव्हा एकदम दहा काठ्या पडल्या, त्यातल्या दोन एकमेकांच्या पायांवर. नंतर हात बसला. दोन तासांत गोणीचा तळ भरला. बांध ठिसूळ झाले होते. पोरांनी तिथल्या तिथे फावड्यानं चिखल लिंपून ते बुजवले.

काही लोक शेताभोवती विजेची तार लावतात. जवळच्या स्रागेन जिल्ह्यात अशा तारेनं शेतकरीच दगावल्याच्या बातम्या वरचेवर येतात. या गावात तार लावायची नाही असा ठराव आहे. ठराव पाळला जातो, कारण रात्री पाणी धरायला जाणारा माणूस कुणाचा तरी भाऊ असतो.

पाटकऱ्याचीही भेट झाली. इथं त्याला उलु-उलु म्हणतात. पाण्याच्या पाळीवरून त्याला दोन शेतकरी एकाच वेळी झापत होते. त्या क्षणी मला अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

बुधवार, ९ जुलै

ग्रामकार्यालयात गेलो. चारिक म्हणजे गावाचा चिटणीस. आपल्या तलाठ्याचं अर्धं काम याच्याकडे. माणूस नेमका आणि सावकाश बोलणारा. त्यानं कपाटातून लांबट, कापडी बांधणीचं पुस्तक काढलं. याला लेटर सी म्हणतात. मी पान पाहिलं आणि धाकट्याला म्हटलं, "वाचू नकोस, मी सांगते." डावीकडे खातेदार. मग जमिनीचा क्रमांक, प्रत, क्षेत्र, सारा. शेवटी बदलाचं कारण आणि तारीख. प्रतीच्या रकान्यात 'एस' म्हणजे पाण्याखालचं शेत, 'डी' म्हणजे कोरडी जमीन. हा तर आपला फेरफार आणि सातबारा एका पानावर!

जन्मही तसाच. डचांच्या काळात सारा वसूल करायला ही नोंद सुरू झाली. सारा कुणाकडून घ्यायचा हे तिला माहीत, मालक कोण हे नाही. आपल्याकडेही सातबारा हा महसुली कागद, मालकीहक्काचा दस्त नव्हे, हे मी नोकरीभर लोकांना सांगत आले आणि लोक नोकरीभर मान डोलवून सातबाराच तिजोरीत ठेवत आले. इथं खरा कागद म्हणजे जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र. २०१७ पासून सरकारनं गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं वाटायची मोहीम काढली. २०२१ च्या नियमानं जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली. ती पुढच्या फेब्रुवारीत संपते. त्यानंतर लेटर सीचा उतारा हा फक्त माग काढायच्या उपयोगाचा.

आता भावजयीच्या माहेरच्या शेताचं पान. खातेदार म्हणून नाव आहे म्बाह काकुंगांच्या वडिलांचं. ते वारून जमाना झाला. मोहीम गावात आली तेव्हा शेताची मोजणीच झाली नाही, कारण वारसांच्या सह्या पुऱ्या नव्हत्या. वारस सहा. चार गावात, एक जकार्ताला, आणि एक बहीण लाम्पुंगला. सरकारनं जावातली माणसं सुमात्रात नेऊन वसवली, त्यात तिचं कुटुंब गेलं. आता ती थकलेली, आणि मधल्या काळात काहीतरी बोलाचाली झालेली.

"खातेफोड राहिली," मी म्हटलं. धाकट्यानं भाषांतर केलं. चारिकनं माझ्याकडे नीट बघितलं आणि चहा मागवला.

चहा पिता पिता त्याचा पगार विचारला. सरकारी मानधन आहेच, शिवाय बेंगकोक: पदावर असेपर्यंत कसायला मिळणारी गावची पाणथळ जमीन. पद गेलं की जमीन परत. म्हणजे पाटीलकीचं वतन, पण वारसाहक्काशिवाय. आपल्याकडे वतनं खालसा झाली, पण त्यांवरची भांडणं माझ्या टेबलावर निवृत्तीच्या दिवसापर्यंत येत होती. यांनी वतन पदाला बांधलं, घराण्याला नाही. शहाणपणाचं काम.

मंगळवार, १५ जुलै

दलाल स्वतःच आला, सुरो संपण्याआधीच. इथं त्याला माकेलार म्हणतात. इस्त्रीचा बाटिक सदरा, हातात तीन फोन. जमीन दाखवायला नेलं.

पहिला तुकडा हिरवा. हिरवा म्हणजे नकाशात शेतीसाठी राखलेला. २००९ चा शेतजमीन संरक्षणाचा कायदा आहे, आणि २०२१ च्या शेवटी सरकारनं आठ प्रांतांतली राखीव भातजमीन नकाशावर रंगवून टाकली. हा मध्य जावा प्रांत त्यात आला. दुसरा तुकडा रस्त्यालगत, पिवळा: घर बांधता येईल असा. तोही आज भातच आहे, तेव्हा आधी तो कागदावर 'वाळवायचा'. वाळवणं हाच इथला शब्द, आपलं एन.ए. पुण्याच्या आसपास जमीन बघितलेल्या कुणालाही हिरवा-पिवळा पट्टा शिकवावा लागणार नाही.

हिरव्याचा भाव मीटरला साडेतीन लाख रुपिया, पिवळ्याचा जवळजवळ तिप्पट. करतासुरा ते क्लातेन हा महामार्गाचा तुकडा मागच्या सप्टेंबरात खुला झाला. त्यात ज्यांची शेतं गेली त्यांच्या हाती एकरकमी पैसा आला आणि ते पुन्हा जमीनच शोधत निघाले. भाव त्यांनी चढवला.

रात्री स्वयंपाकघरात बसून हिशेब मांडला. हिरवा तुकडा दोन हजार मीटर, म्हणजे आपले वीस गुंठे. किंमत सत्तर कोटी रुपिया, आपल्या पैशांत सदतीस लाखांच्या घरात. एका पिकाला भात साधारण अकराशे-बाराशे किलो. सरकारी खरेदीचा भाव यंदा जानेवारीपासून किलोला ६,५०० रुपिया. म्हणजे पिकाला पंचाहत्तर लाख रुपियाचं उत्पन्न. नांगरट, लावणी, खत, कापणी जाऊन निम्मं हातात. तिन्ही पिकं धडपणे आली तर वर्षाला एक कोटी दहा लाख. घातलेल्या पैशावर शेकडा दीड. आणि धाकटा काही चिखलात उतरणार नाही. अर्धेलीनं दिली, इथल्या शब्दात मारो, तर उरलेल्यातही वाटेकरी.

"मग लोक घेतात कशाला?" धाकट्यानं विचारलं.

भात पिकवायला कुणी घेत नाही हेच त्याचं उत्तर. आज हिरवं आहे ते कधीतरी पिवळं होईल या आशेला तो भाव आहे. सांगली-कोल्हापूरच्या हमरस्त्याला तरी दुसरं काय चाललंय? फरक इतकाच की जावात माणशी जमीन आधीच इतकी थोडी की अर्ध्या हेक्टरखालचे शेतकरी हेच बहुसंख्य. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झनं १९६३ मध्येच लिहून ठेवलं की इथली शेती वाढते ती आतल्या आत, तेवढ्याच खाचरात आणखी हात घालून. आता ते हातही कारखान्यात गेलेत. आणि कारखान्याचाही भरवसा नाही: पलीकडच्या सुकोहार्जोतली स्रितेक्स ही मोठी कापडगिरणी १ मार्चला बंद झाली, दहा हजारांवर माणसं घरी बसली. धाकट्याला गावाकडची ओढ का लागली, हे त्यानं न सांगताही कळतं.

दलालाच्या बोलण्यातला खरा काटा शेवटी निघाला. धाकट्याचा पासपोर्ट भारताचा. दलाल म्हणाला, त्यात काय अवघड आहे, जमीन मेव्हण्याच्या नावावर घेऊ, आणि वेगळा करार करून ठेवू की पैसे तुमचे. नाव उसनं घ्यायचं! सगळे असंच करतात म्हणे. जगात जिथं जिथं जमीन आहे तिथं तिथं हे वाक्य आहे.

सोमवार, २१ जुलै

आज जवळच्या वोनोसारी तालुक्यातल्या बेंतांगान गावी राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो आले. देशभरातल्या ८०,००० हून अधिक गाव-सहकारी संस्थांचं उद्घाटन एका ठिकाणाहून. रस्ते झाडून लख्ख, दुतर्फा तांबडी-पांढरी निशाणं. खत, गॅस, औषधं, कर्ज, सगळं संस्थेच्या दुकानात मिळेल म्हणतात. वारणा-प्रवरेच्या मुलखातून आलेल्या बाईला सहकाराचं अप्रूप नाही. मी एवढंच विचारलं की भागभांडवल सभासदांचं की वरून? वरून कर्ज, असं कळलं. मग बघू.

संध्याकाळी म्बाह काकुंग अंगणात बसले होते. वोनोसारीचं नाव निघालं आणि ते म्हणाले, किंगकांगही त्याच तालुक्यात. मग आवाज खाली. धाकट्यानं जेवढं ऐकलं तेवढं मला सांगितलं.

१९६०-६१ साली इथं जमीनसुधारणेचे कायदे झाले: कमाल धारणा, अर्धेलीचे लेखी करार, आणि शेतजमिनीच्या मालकानं त्याच तालुक्यात राहिलं पाहिजे हा नियम. कायदे कागदावर राहिले, तेव्हा १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेनं क्लातेनमध्ये सरकारची वाट न बघता शेतात उतरायला सुरुवात केली. किंगकांगचं नाव त्या वेळी देशभर झालं. म्बाह काकुंग तेव्हा सतरा-अठराचे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सगळं उलटलं. जे शेतात उतरले होते ते, आणि जे नुसते यादीत होते तेही, रात्री नेले गेले. म्हातारा तेवढ्यावर थांबला आणि भाच्याला आत जायला सांगितलं.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या तारखेला जो जमीन कसत होता तो कूळ मालक मानला गेला. त्या कायद्यातल्या पळवाटा मला तोंडपाठ आहेत, पण तरी लाखो कुळांच्या नावावर जमीन चढली आणि त्याबद्दल मोठ्यानं बोलता येतं. इथल्या अर्धेलीच्या कायद्यात भातजमिनीचा करार गावप्रमुखासमोर लिहून किमान तीन वर्षांचा करावा असं आजही आहे. या घराचं शेत जी बाई अर्धेलीनं कसते, तिच्याकडे कागद नाही. मागायचा असतो हे तिला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी ती मागणार नाही.

मंगळवार, २९ जुलै

क्लातेनला नोटारिसकडे. इथला नोटारिस म्हणजे आपल्या कोर्टाबाहेरचा शिक्केवाला नव्हे. कायद्याचं पूर्ण शिक्षण, आणि जमिनीचे दस्त त्याच्या किंवा त्याच्यासारख्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातूनच होतात. पन्नाशीच्या बाई. त्यांनी दलालाची युक्ती ऐकून घेतली आणि कायद्याचं पुस्तक उघडून आमच्यापुढे सरकवलं: १९६० चा मूळ जमीन कायदा, कलम २६. परकीय नागरिकाकडे थेट किंवा आडमार्गानं पूर्ण मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तिन्ही गोष्टी एका कलमात. असं स्वच्छ कलम मी फार कमी बघितलं.

मग बायकोच्या नावावर? तिथंही पाचर. लग्नानंतर कमावलेलं दोघांचं सामाईक, त्यामुळे तिनं आज विकत घेतलेल्या जमिनीत नवऱ्याचा वाटा येतो, आणि नवरा परकीय. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केला असता तर प्रश्न नव्हता. यांनी केला नाही. २०१६ पर्यंत तिथंच सगळं संपत असे. त्या वर्षी ऑक्टोबरात घटना न्यायालयानं निकाल दिला की असा करार लग्नानंतरही करता येतो. एका इंडोनेशियन बाईनंच लढा दिला. नवरा परकीय म्हणून तिला स्वतःच्या देशात स्वतःच्या पैशानं घर घेता येत नव्हतं. तेव्हा आधी करार, त्याची नागरी नोंदणी कार्यालयात नोंद, मग खरेदी.

वारसानं येणाऱ्या जमिनीला मात्र हे लागू नाही. माहेरचा वाटा तिचा एकटीचाच. ही गोष्ट भावजयीला नव्यानं कळली. परत येताना ती गाडीत बराच वेळ गप्प होती, मग एकदम भावंडांना फोन लावत सुटली.

धाकट्यानं स्वतःसाठी विचारलं. परकीयाला वापराचा हक्क मिळतो, हक पाकाय: आधी तीस वर्षं, वाढवून ऐंशीपर्यंत. पण त्याला घराची किमान किंमत ठरवून दिलेली आहे आणि ती खेड्यातल्या घराची नाही. भाच्याचं काय? आई इंडोनेशियन म्हणून आज तो इथला नागरिक. मोठा झाल्यावर, एकविसाव्या वर्षाच्या आत, एक देश निवडायचा. भारत निवडला तर वारसानं आलेली जमीन वर्षाच्या आत सोडायची.

दोन्ही देश सज्ञान माणसाचं दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. आणि परकीयाला शेतजमीन भारतही विकत घेऊ देत नाही, तेव्हा रागवायला जागा नाही. उलट महाराष्ट्रात तर मराठी माणसालाही शेतकरी असल्याचा दाखला लागतो. हे ऐकून नोटारिस बाई पहिल्यांदा हसल्या.

मंगळवार, ५ ऑगस्ट

घरचं भात काढणीला आलंय. वाण रोजोलेले स्रिनुक. रोजोलेले हा देलांगूचा नावाजलेला सुवासिक तांदूळ, पण उंच वाढून लोळायचा आणि पाच महिने शेत अडवायचा. इथल्या अणुऊर्जा संस्थेनं किरणोत्सारानं त्यात बदल घडवून बुटका, लवकर येणारा वाण केला. २०१९ मध्ये तो जाहीर झाला. आपल्या तुर्भ्याच्या भाभा केंद्रानं भुईमुगाचे वाण असेच काढले. म्बाह काकुंगांना यातलं अणूचं काही सांगायची गरज वाटत नाही. भात पडत नाही, एवढंच ते सांगतात.

सकाळी पेनेबास आला. उभं पीक उक्तं घेणारा व्यापारी. बांधावरून एक फेरी, मध्ये एका जागी चिखलात उतरला, दोन लोंब्या तळहातावर चोळल्या, फुंकरीनं फोल उडवलं, दाणे दाताखाली धरले. पुन्हा बांधावर येऊन चप्पल झटकली आणि आकडा सांगितला. म्बाह पुत्रीनं मान हलवली. दुसरा आकडा. तिनं पदरासारखं खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि घराकडे चालू लागली. तिसरा आकडा मागून ओरडून आला. सौदा झाला. सगळ्यात वजन, काटा, ओलावामापक काही नाही. सरकारी हमीभाव ६,५०० हा दोघांच्याही डोक्यात होता, पण त्याचा उच्चार कुणीही केला नाही.

पूर्वी कापणीला गाव लोटायचं. बायका तळहातात मावेल अशा आनी-आनी नावाच्या पात्यानं एकेक लोंबी खुडत, म्हणजे भातातल्या देवी श्रीला विळा दिसू नये. आणि खुडलेल्यातला ठरलेला वाटा घरी नेत. तो वाटा हेच भूमिहीन घराचं वर्षाचं अन्न होतं. उक्ती विक्री आली, विळा आला, आता यंत्र. संध्याकाळी यंत्रानं वीस गुंठे बघता बघता साफ केले. अर्धेलीवाली बाई बांधावर बसून होती, तिच्या वाट्याचे पैसे व्यापाऱ्यानं परस्पर दिले. कापणीला आलेल्या दोन म्हाताऱ्या यंत्रामागचं सांडलेलं वेचून घेऊन गेल्या.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज सगळं गाव टीव्हीसमोर. उत्तर किनाऱ्याकडच्या पाती जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरलेत. तिथल्या जिल्हाप्रमुखानं जमीन-इमारत कर अडीचशे टक्क्यांपर्यंत वाढवायचा घाट घातला होता. लोक चिडल्यावर वाढ मागे घेतली, पण तोवर ती त्याच्या खुर्चीची गोष्ट झाली होती. अश्रुधूर, जळालेली गाडी, आणि जिल्हा परिषदेनं चौकशी समितीही नेमली.

म्बाह काकुंगांनी पेटीतून आपली कराची चिठ्ठी काढून बघितली. रक्कम किरकोळ आहे. पण तिच्यावर सरकारनं धरलेली जमिनीची किंमत छापलेली असते आणि तीही वर चाललीय. भाव वाढला की मालक श्रीमंत झाला असं दलाल म्हणतो. जो विकणारच नाही, त्याला वाढलेल्या भावाचा एकच लाभ: जास्त कर.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

इथला स्वातंत्र्यदिन परवा, ऐंशीवा. पोरं सुपारीच्या खोडाला तेल फासताहेत, चढाओढीसाठी. मी तोवर नसेन.

काल रात्री सगळे बसलो आणि ठरवून टाकलं. हिरवा तुकडा घ्यायचा नाही, पिवळाही नाही, आणि मेव्हण्याचं नाव तर मुळीच उसनं घ्यायचं नाही. बिचारा मेव्हणाही त्या बेतातून सुटला म्हणून खूश दिसला. नोटारिसकडचा करार पुढच्या महिन्यात. परसातल्या मोकळ्या जागेत दोन खोल्या बांधायच्या, त्या म्बाह काकुंगांच्या परवानगीनं, कुठल्याही हक्काशिवाय. धाकटा म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर सासऱ्याच्या जागेत?" मी म्हटलं, हो. राहायला कुणी ना म्हणत नाही, गस्तीच्या यादीतही तू आहेस. मालक मात्र होता येणार नाही, आणि कायदा तुझ्यापासून काही लपवतही नाही.

जावात किंवा बालीत स्वस्तात जमीन मिळते, नाव कुणाचंही लावू, असं सांगणारे मराठी मुलखातही फिरू लागलेत. त्यांना पैसे देण्याआधी १९६० च्या कायद्याचं कलम २६ तेवढं कुणाकडून तरी वाचून घ्या.

वारसनोंदीच्या अर्जावर पाच सह्या झाल्या. लाम्पुंगची राहिली आहे.